आधी ब्लाऊज मोजा, मग एआयला विचारा

जून ते सप्टेंबर पनवेलमध्ये सकाळी कपाट उघडलं की पहिला प्रश्न पडतो तो काय वाळलंय हा. काय शोभेल, हा दुसरा. पावसाळ्यात इथं जीन्स तीन-तीन दिवस दांडीवर लोंबकळते आणि शेवटी कुबट वास घेऊनच खाली उतरते. त्यात हार्बरची लोकल. सीएसएमटीपर्यंत साधारण ८० मिनिटं, ओढणीचं टोक कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये, सलवारीच्या कडेला स्टेशनबाहेरचा चिखल, आणि ऑफिसात पोचल्यावर एसीनं कुडकुडायचं. यातलं काहीही ठाऊक नसलेल्या चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला ‘उद्या ऑफिसला काय घालू?’ असं विचारलं, तर तो खुशाल लिननचा ब्लेझर, बेज ट्राउझर आणि स्वेडचे बूट सुचवतो. जुलैत, पनवेलमध्ये, स्वेडचे बूट!

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या कपाटात काय आहे आणि आपला दिवस कसा जातो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. या साधनांना आवडनिवड फारशी नसते, कापड हाताला कसं लागतं हे कळत नाही. पण तीस-चाळीस कपड्यांची यादी डोक्यात धरून त्यांच्या जोड्या लावणं, कुठला कपडा कितीदा येतोय हे मोजणं, अटी पाळून आठवडा आखणं हे हिशेबाचं काम ती झटक्यात करतात. तेव्हा त्यांच्याकडून हिशेब करून घ्यावा आणि निवड आपल्याकडे ठेवावी.

सुरुवात यादीपासून. इथंच बहुतेक जण कंटाळतात, कारण प्रत्येक कपड्याचा फोटो काढायचा असं त्यांना वाटतं. तशी काही गरज नाही. फोनच्या कीबोर्डवरचा माइक मराठीवर लावायचा, कपाटासमोर उभं राहायचं आणि एकेक हँगर सरकवत बोलत जायचं: ‘बाटलीहिरवा कुर्ता, कॉटन, इस्त्री लागते. काळी लेगिंग, गुडघ्यावर फिकी पडलेली. आकाशी कुर्ता, रेयॉन, पटकन वाळतो. जांभळी इरकल, ब्लाऊज घट्ट.’ अर्ध्या तासात एक कपाट होतं. बोललेलं अशुद्ध उमटलं तरी चालतं. तो सगळा मजकूर एआयला द्यायचा आणि सांगायचं, ‘याची क्रमांक घातलेली यादी करून दे.’ जेमिनीचं ॲप जून २०२४ पासून भारतात मराठीतही आहे आणि चॅटजीपीटीलाही मराठी चांगलं समजतं, त्यामुळे इंग्रजीसाठी अडून राहायचं कारण नाही. फक्त आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी असे रंग असतील तर पुढे ‘काळपट जांभळा’, ‘चमकदार निळा’ असं दोन शब्दांत सांगून टाका, म्हणजे जोड्या लावताना घोळ होत नाही.

फोटोच काढायचे असतील तर पाच-सहा कपडे पलंगावर पसरून एकच फोटो काढा आणि यादी करायला सांगा. मात्र ट्यूबलाइटखाली बाटलीहिरवा काळा दिसतो, मोतिया पांढरा दिसतो, आणि फोटोवरून रेशीम की आर्ट सिल्क हे माणसाला सांगता येत नाही तिथं यंत्राला काय सांगता येणार? तेव्हा रंग खिडकीजवळच्या उजेडात पाहावा आणि कापड आपण सांगावं.

यादीत रंग आणि प्रकार यांच्याशिवाय तीन गोष्टी हव्यातच: वाळायला किती वेळ लागतो, इस्त्री लागते का, आणि आज, या घटकेला, अंगाला बसतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जिवावर येतं. ‘वजन कमी झाल्यावर’ या सदरातले कपडे यादीच्या शेवटी वेगळे लिहा. ते जोड्यांमध्ये आले की सगळा आठवडा खोटा ठरतो. आणि तयार झालेली यादी गुगल कीपमध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा. गप्पांचा धागा लांबला की फुकटच्या खात्यावरचा एआय आधीचं विसरतो. यादी हाताशी असली की नव्यानं चिकटवता येते.

आता अटी. खरी करामत इथं आहे, म्हणून एक नमुना पूर्णच देते. फोर्टात नोकरी करणारी एखादी वाचक असं लिहू शकेल:

‘मी पनवेलला राहते. सोमवार ते शुक्रवार हार्बर लोकलनं ऑफिसला जाते. ऑफिसात एसी जोरात असतो. जुलै महिना आहे, कपडे घरात पंख्याखाली वाळतात, जाड कपड्याला दोन दिवस लागतात. इस्त्रीवाले दादा रविवारीच येतात. लांब ओढणी नको, पांढरी सलवार नको, घोट्याच्या खाली येईल असं काही नको. फक्त खालच्या यादीतले कपडे वापर आणि प्रत्येक कपड्याचा क्रमांक लिही. पाच दिवसांचे पाच जोड दे. एकच कपडा दोनदा आला तर मध्ये तीन दिवस जाऊ देत. शेवटी रविवारी इस्त्रीला काय काय द्यायचं ते सांग.’

क्रमांक लिहायला लावणं महत्त्वाचं. नाहीतर हा गडी तिसऱ्या दिवशी हळूच एखादं ‘बेज कार्डिगन’ घुसवतो, जे तुमच्या घरात कधी आलेलंच नसतं. क्रमांक मागितला की अशी लबाडी लगेच उघडी पडते. पहिल्या उत्तरात काहीतरी बिनसलेलं असणारच, तेव्हा ‘आवडलं नाही’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘बुधवारी क्रमांक ७ नको, तो रंग सोडतो, पावसात भिजला तर खालची लेगिंग खराब होईल’ असं कारण सांगा. दुसऱ्या फेरीत उत्तर बरंच सुधारतं. सांगितलेली कारणं यादीत त्या त्या कपड्यापुढे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायला नको.

आठवडा बसला की एक प्रश्न आणखी विचारा: ‘या यादीतले कोणते कपडे एकाही जोडीत बसत नाहीत, आणि का?’ मला हा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो. उत्तरात बहुधा एखादी नक्षीदार, तीन रंगांची पॅन्ट असते, जिच्यावर घालायला साधा कुर्ताच नाही. किंवा सेलमध्ये उचललेला निऑन रंगाचा टॉप असतो. तिथं दोनच वाटा: एक साधी वस्तू आणून त्या कपड्याला कामाला लावायचं, नाहीतर तो कुणाला तरी देऊन टाकायचा.

पुरुष वाचकांसाठी वेगळं प्रकरण लिहायची गरज नाही. चार शर्ट, तीन पॅन्ट, एक जीन्स असा संसार असेल तर सोळा जोड असेही तोंडपाठ करता येतात. लग्नाला कुर्ता-पायजमा की मोदी जॅकेट, एवढाच त्यांचा प्रश्न असतो आणि तो घरातच सुटतो.

साडीचं मात्र वेगळं आहे, आणि परदेशी ॲपांना ते अजून उमगलेलं नाही. साड्या कितीही असोत, नेसता किती येतात हे ब्लाऊज ठरवतो. समजा कपाटात २४ साड्या आहेत आणि अंगाला बसणारे ब्लाऊज सात. म्हणजे प्रत्यक्षात सात ब्लाऊजांना जुळतील तेवढ्याच साड्या तुमच्या. बाकीच्या नुसत्या घडीवर घडी. हा हिशेब एआयकडून करून घ्यावा.

दोन याद्या करा. पहिलीत साड्या: अंगाचा रंग, काठाचा रंग, पदराचा रंग, कापड. दुसरीत ब्लाऊज: रंग, बाही, कापड, बसतो की नाही. मग आपली रीत त्याला स्पष्ट सांगा, कारण ती त्याला ठाऊक असेलच असं नाही: काठापदराच्या साडीवर काठाच्या रंगाचा ब्लाऊज आम्हाला चालतो, साडीच्या रंगाचाच हवा असं नाही, खणाचा ब्लाऊज साध्या कॉटनवर, इरकलवर चालतो, शिफॉनवर नको. एवढं झालं की तीन प्रश्न विचारायचे. कोणता ब्लाऊज कोणत्या साड्यांवर जातो? कोणत्या साड्या बिनब्लाऊजच्या राहतात? आणि सगळ्यात मोलाचा: दोनच नवे ब्लाऊज शिवायचे असतील तर कोणत्या रंगाचे शिवले म्हणजे जास्तीत जास्त साड्या सुटतील?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डोक्यानं काढायला गेलं की आपण हमखास नवीन साडीचा ब्लाऊज आधी शिवतो, कारण ती डोळ्यांसमोर असते. यादी समोर असली की निघतं वेगळंच. एका जुन्या सोनेरी किंवा डाळिंबी ब्लाऊजवर पाच-सहा साड्या अडून बसलेल्या असतात आणि त्याच्या शिवणीच्या आत थोडं कापड सोडलेलं असतं. टीप उसवून घेतली तर नवा शिवायचीही गरज पडत नाही. म्हणून ‘घट्ट’ लिहिलेल्या ब्लाऊजपुढे ‘आत कापड आहे’ किंवा ‘नाही’ हेही लिहा आणि एआयला सांगा, की आधी उसवून सुटणारे ब्लाऊज धर, शिवायचे नंतर.

एवढं करूनही मॅचिंग सेंटरला साडी घेऊनच जा. ‘डाळिंबी’ हा यादीतला शब्द आहे. दुकानात त्याच्या दहा छटा ताग्याताग्यांत उभ्या असतात आणि त्यातली कुठली आपल्या काठाला लागते हे दुकानाच्या दारात, उजेडात, काठावर कापड ठेवूनच कळतं. फोनमधला फोटो दाखवून घेतलेला ब्लाऊजपीस घरी आल्यावर भांडतोच.

सणांच्या बाबतीत एआयवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. नवरात्रातले नऊ रंग घ्या. महाराष्ट्र टाइम्सनं रुजवलेली ही पद्धत आता लोकलच्या लेडीज डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत पोचली आहे. पहिले सात रंग वारावर चालतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. म्हणजे घटस्थापना कोणत्या वारी येते त्यावर दरवर्षीचा क्रम बदलतो. २०२५ साली घटस्थापना सोमवारी, २२ सप्टेंबरला होती, म्हणून सुरुवात पांढऱ्यानं झाली. २०२६ साली ती रविवारी, ११ ऑक्टोबरला आहे, तेव्हा पहिला रंग नारिंगी. एआयला नुसतं ‘नवरात्रीचे रंग सांग’ म्हटलं तर तो कुठल्याही जुन्या वर्षाचा तक्ता आत्मविश्वासानं मांडतो आणि आपण चुकीच्या दिवशी पिवळ्या साडीत फोटोला उभ्या! तेव्हा रंगांचा तक्ता त्या वर्षीच्या पेपरमधून किंवा कालनिर्णयवर वार बघून आपण घ्यायचा, त्याला द्यायचा, आणि पुढचं काम सांगायचं: ‘या नऊ दिवसांसाठी माझ्या यादीतून नऊ जोड लाव. पूर्ण त्या रंगाचं काही नसेल तर काठ, ओढणी किंवा ब्लाऊज त्या रंगाचा असलेलं चालेल. दोन दिवस साडी, बाकी कुर्ते.’ राखाडी हमखास कमी पडतो. तो एकच दिवस मैत्रिणीकडून मागून भागवता येतो, त्यासाठी नवा कुर्ता कशाला?

संक्रांतीचंही तसंच. हिंदू सणाला काळं घालू नये असा सर्वसाधारण सल्ला या साधनांकडून मिळू शकतो. आपल्याकडे मात्र वर्षभर टाळलेली काळी चंद्रकळा त्या एका दिवशी मुद्दाम नेसतात, हलव्याच्या दागिन्यांसाठीही काळंच हवं असतं. तेव्हा ‘मराठी घरातली संक्रांत, काळं चालतं’ हे आपणच सांगायचं. आणि पनवेलच्या आसपासच्या गावांतल्या आगरी-कोळी लग्नाची हळद असेल तर एवढंही सांगा, की रात्रभर नाचायचं आहे आणि अंगावर हळद पडणारच आहे. नाहीतर तो पिवळ्या रंगाच्या नादात ऑर्गन्झाची साडी सुचवून मोकळा होईल, आणि धुलाईचा खर्च तुमच्या माथी. कॉटनचा पिवळा कुर्ता, पायात पट्ट्याची चप्पल, गळ्यात काही लोंबतं नाही: एवढं सांगायला एआय लागत नाही म्हणा.

खास कपाटासाठी केलेली ॲपंही आहेत. लंडनचं व्हेअरिंग, कोरियातलं एक्लोझेट ही त्यातली नावाजलेली. फोटो काढला की कपड्यामागचं सगळं पुसून टाकतात, कपडे कॅलेंडरवर लावता येतात, कोणता किती वेळा घातला हे मोजतात. १९९५च्या ‘क्लूलेस’ या सिनेमात नायिका संगणकावर कपडे जुळवून बघते, त्याच कल्पनेची ही फोनमधली आवृत्ती. पण यांची रचना टॉप, बॉटम, शूज अशी. साडी कुठं टाकायची? ‘ड्रेस’मध्ये टाकली तर ब्लाऊज सुटतो आणि सगळ्या हिशेबाचा प्राणच जातो. ज्यांचा वापर जीन्स-कुर्त्यांचा आहे आणि ज्यांना फोटो काढत बसायला आवडतं त्यांनी जरूर वापरावीत. बाकीच्यांना यादी पुरते.

आता फोटोतून ‘घालून बघणं’. सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीच्या ‘नॅनो बनाना’ या चित्रं बनवणाऱ्या साधनाला स्वतःचा फोटो देऊन जुन्या सिनेमातल्यासारखी साडीतली छबी करून घ्यायची लाट आली होती. मजा म्हणून ठीक. कपडा घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरवू नका. त्या चित्रात कापड चित्रासारखंच पडतं. खऱ्या साडीचा भार, स्टार्च, निऱ्या फुगणं यातलं काही त्यात येत नाही. कंबर आपोआप बारीक होते. नऊवारीचा काष्टा तर भलताच होऊन बसतो, पैठणीच्या पदरावरचे मोर निराळेच पक्षी होतात. ‘मला कोणता रंग शोभतो’ म्हणून सेल्फी देण्यातही फारसा दम नाही. सकाळच्या उजेडातला आणि रात्रीच्या दिव्याखालचा असे तुमचेच दोन फोटो द्या. उत्तरं वेगवेगळी आली तर आश्चर्य मानू नका.

चित्रांचा एक उपयोग मात्र खरा आहे: ब्लाऊजचा गळा. चेहरा न देता नुसतं वर्णन करा, ‘मरून खणाचा ब्लाऊज, कोपरापर्यंत बाही, मागे मटका गळा, खाली नाडी आणि गोंडे, पाठीमागून दाखव’. तीन-चार चित्रं घ्या आणि त्यातलं एक शिवणाऱ्या ताईंना दाखवा. तोंडी सांगून जे निम्मं कळतं ते चित्रानं पुरतं कळतं. अंगाची मापं मात्र त्यांनी टेपनंच घ्यायची.

चेहऱ्याच्या फोटोंबद्दल थोडं कडक सांगते. जोड्या लावायला चेहरा लागत नाही, हँगरवरचा कपडा पुरतो. द्यायचाच झाला तर गळ्यापासून खालचा द्या. मुलींचे, लहान मुलांचे, मैत्रिणीचे तिला न विचारता काढलेले फोटो अजिबात नको. चॅटजीपीटीत आणि जेमिनीत तात्पुरत्या गप्पांची सोय आहे, ती वापरा. सेटिंगमध्ये तुमच्या गप्पांवरून मॉडेल सुधारण्याची परवानगी असते, ती बंद करता येते. आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून उघडणाऱ्या ‘एका सेल्फीत पन्नास साड्या’ छापाच्या अनोळखी साइटला फोटो, ओटीपी, यूपीआय यातलं काहीच देऊ नका. त्या साडीच्या लाटेत अशा बनावट साइटांबद्दल पोलीस अधिकाऱ्यांनीही सावध केलं होतं.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हापासून पनवेल, उलवे, खारघरमधल्या घरांत तिथल्या नोकऱ्यांच्या मुलाखतीचे कपडे हा नवा विषय झाला आहे. इथं एआय बरा साथ देतो, अट एवढीच की कोणत्या कामाची मुलाखत आहे ते नेमकं सांगायचं: काउंटरवरचं, सामानाच्या विभागातलं की कार्यालयातलं. त्याला यादी द्या आणि ‘नवीन काही न घेता’ हे आधी लिहा. बहुतेकांकडे एक फिका शर्ट, एक गडद पॅन्ट किंवा एक नीट शिवलेला सलवार-कुर्ता असतोच. खर्च करायचाच तर तो बुटांवर करा. केस, नखं, टिकली, मेंदी यांचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात. ते मुलाखतीचं बोलावणं धाडणाऱ्यालाच विचारा, एआयला नको.

‘फुकट’ म्हणजे काय, हेही बघून घ्या. २०२५ च्या उत्तरार्धात एअरटेलनं ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआयची प्रो योजना वर्षभर, जिओनं जेमिनीची प्रो योजना १८ महिने, आणि चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं भारतात ‘चॅटजीपीटी गो’ वर्षभर फुकट देऊ केलं. ‘गो’ची किंमत एरवी महिन्याला ३९९ रुपये. अशा योजना घेताना कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगितलं असेल तर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाऊ शकतात. घेतली त्याच दिवशी कॅलेंडरवर मुदतीच्या आठवडाभर आधीची तारीख टाका, आणि त्या दिवशी यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन ते बंद करा. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं तर पैसे कापणं थांबत नाही. खरं तर यातली कुठलीच योजना कपाटासाठी लागत नाही. यादी, आठवड्याचे पाच जोड, ब्लाऊजांचा हिशेब हे सगळं मजकुराचं काम आहे आणि ते साध्या फुकटच्या खात्यात होतं. फुकटच्या मर्यादा आधी चित्रांना लागतात, तेव्हा गळ्याची चित्रं काढायची असतील तर ती एका दिवशी दोन-तीनच काढा, उरलेली दुसऱ्या दिवशी.